पिराचा गूळ आणि लोखंडी कडं

माझी मान काळी होती आणि माय ती वजरीनं घासायची. वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड. न्हाणीच्या फरशीवर मला बसवायची, डोकं खाली दाबायची आणि जळक्या भगुण्याचं बूड घासावं तशी घासायची. मी बोंबलायचो, दावणीची म्हैस बिचकायची. कातडी लालभडक व्हायची, पण वाळली की मान पुन्हा काळीची काळी, मऊ, मखमलीचा तुकडा डकवल्यासारखी. काखेतही तसंच. मायला वाटायचं पोरगं धुळीत लोळतं. पण धुळीत लोळायला आधी खाली बसावं लागतं आणि मग उठावं लागतं. असली कामं मी करत नव्हतो. मी ओट्यावर बसलेला असायचो.

मी जाड होतो. माझी सून म्हणते, बाबा, जाड म्हणू नका, लेकराच्या मनाला लागतं, हेल्दी म्हणा. म्हणा बापडे. मी माझ्याबद्दल लिहितोय, मी जाडच म्हणणार. चालताना मांडीला मांडी घासायची आणि सोलून निघायची. सदऱ्याची खालची गुंडी कधी लागली नाही. पण गाव खूश होतं. आमच्याकडं तवा बाकीच्या पोरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, त्यात माझ्यासारखं एक पोरगं म्हणजे गावाची इज्जत. येणारा-जाणारा गालाचा चिमटा घ्यायचा आणि म्हणायचा, खात्यापित्या घरचं दिसायलंय. माय लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन नजर काढायला उठायची. चुलीत मिरच्या पडायच्या आणि घरभर ठसका. नजर कुणाचीही असो, खोकायचो मीच.

मायचंही खरं होतं. माझ्या आधी तिची लेकरं झाली आणि गेली. किती, ते ती कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मी पोटात असताना ती गावाच्या शिवेवरच्या पिराच्या दर्ग्यात गेली आणि पदर पसरून बोलली, हे जगू दे, पळायला लागलं की गुळानं तोलीन. म्हणून माझं नाव पिराजी. आमच्या भागात अशी लय नावं हायेत, हिंदूंच्या घरी पिराजी, फकिरा. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

आता लोक नवस बोलतात तर जगलं की तोलीन, पाच वर्षांचं झालं की तोलीन, असं बोलतात. माय बोलून बसली, पळायला लागलं की. आणि मी काही पळेना. दरवर्षी ज्वारीची काढणी झाली की उरूस भरायचा. माय मला धुऊन-पुसून न्यायची. मुजावरचाचा नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा तिथं दिवाबत्ती करायचा. नवसाचं सगळं त्याच्या हातानं व्हायचं. तो पायरीवर बसून मायला विचारायचा, "दौडता क्या बच्चा?" माय म्हणायची, चालतंय की चांगलं. चाचा मान हलवायचा. "चलने का नै बोली थी बेटी, दौडने का बोली थी." मग माझी परीक्षा. दर्ग्याच्या पायरीपासून समोरच्या मोठ्या चिंचेपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. मी निम्म्यात बसायचो. तोंड उघडं, छातीत घुरघुर, ओठ निळसर. बायका चुकचुकायच्या. चाचा म्हणायचा, कोई बात नै, अगले साल.

घरी आलं की माय एकच उपाय करायची. पोराच्या अंगात ताकद कमी आहे, म्हणून पळवत नाही. ताकद कशानं येती? तुपानं. मग ताटातल्या भाकरीवर तुपाची धार वाढायची. दुधात कुस्करलेली भाकर, वर सायीचा गोळा, वर गूळ. सकाळी रवीचा घुर्र-घुर्र आवाज सुरू झाला की मी जागा व्हायचो, कारण आवाज थांबला की लोण्याचा गोळा माझा. माय भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या, त्याही मला अजून ऐकू येतात. खाऊन मी आणखी जाड व्हायचो, पुढच्या उरुसाला आणखी लवकर बसायचो, आणि माय आणखी तूप घालायची. शिवाय पोरगं जड झालं म्हणून कोठीतल्या गुळाच्या ढिगात एक भेली आणखी वाढवायची. नवसाचा गूळ जुना झाला तर चालत नाही, म्हणून मागल्या वर्षीच्या भेल्या मीच संपवायचो. आता कळतं, काय कारभार होता. तवा सगळ्या घराला तो बरोबर वाटायचा.

एकट्या मायच्या मनात मात्र भीती बसलेली होती. पिराचं देणं अंगावर राहिलं तर पीर आपलं दिलेलं परत नेतो, असं बायका बोलायच्या. ती दिवेलागणीला मला जवळ ओढायची आणि माझ्या छातीला कान लावायची. घुरघुर ऐकायची. पदरानं माझं तोंड पुसायची आणि भाकरी वाढायला उठायची.

माझी नात श्रेया परभणीला असते. पोरगी गोड आहे, बोलायला तिखट आहे आणि अंगानं माझ्यावर गेली आहे. मागच्या खेपेला मी तिच्या वेण्या घालायला बसलो. हे काम माझी कौसा करायची, आता मला करावं लागतं, नीट जमत नाही. तर वेणी उचलली आणि मान बघितली. काळी, मखमलीसारखी. सून म्हणाली, बाबा, कितीक क्रीम लावून झाले, जातच नाही. मी म्हणलं, क्रीम ठेव बाजूला आणि हिला डॉक्टरकडं ने. डॉक्टरीणबाईनं मान बघूनच सांगितलं, हा मळ नाही, चरबी आणि साखरेचा हिशोब अंगात बिघडायला लागला की मान अशी होते. गोळी नको, रोज पळवा, खेळवा, सायकल चालवू द्या. किती पळवायचं, म्हणून सुनेनं विचारलं. तर म्हणे, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. मला तिथंच हसू आलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कौसा आठवली होती.

कौसा माझ्या मामाची लेक. मामाचं गाव चुडावा. आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून पायवाटेवर. मधे गाडीचा जरासा प्रवास, म्हणून येणं-जाणं दांडगं. मामाच्या लेकीवर आत्याच्या लेकाचा हक्क, ही आमच्याकडची रीत. ती पाळण्यात असतानाच माय भावाला बोलून बसली होती. माय बोलून लय ठिकाणी बसायची.

त्या दिवाळीला मामा, मामी आणि कौसा आले. कौसा म्हणजे वाळक्या शेंगेसारखी पोरगी, दोन शेपट्या, गुडघ्यावर खपल्या. ती आली तशी म्हणाली, चल विहिरीवर. मी निघालो आणि वाटेत दोनदा बसलो. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आमची म्हैस गाभण हाय, ती बी तुझ्यापेक्षा नीट चालती." मी म्हणलं, तुझ्या म्हशीला घेऊन जा मग. ती म्हणाली, "तिच्यासंगं लगीन न्हाई ना करायचं मला."

हे ती खेळात बोलली. पण घरी मामी खरंच बोलली. मामी वाईट नव्हती, तोंडाची फटकळ होती, आणि लेकीची माय होती. अनारसे तळता तळता मायला म्हणाली, "वन्सं, राग धरू नका. लेकराचा दम पुरत न्हाई. पिराचं देणं फिटलेलं न्हाई. उद्या काही बरं-वाईट झालं तर माझ्या लेकीच्या कपाळी काय? ह्या उरुसाला पोरगं पळालं, गूळ तोलला, तर बोलणं पक्कं. न्हाई तर मला मोकळं करा." माय झाऱ्या हातात घेऊन नुसती उभी राहिली. अनारसा करपला. मी दाराआडून ऐकत होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की मी न पळणं ही गंमत नाही. कढईतला करपलेला अनारसा मीच खाल्ला, ते वेगळं.

बाप त्या वेळी ओट्यावर सुतळी वळत बसला होता. त्यानंही ऐकलं असणार. बाप दिवसात चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन बैलांना. पाहुणे गेल्यावर तो लोहाराकडं गेला आणि संध्याकाळी एक लोखंडी कडं घेऊन आला. माझ्या कंबरेला लागेल एवढं उंच, गोल, बोटभर जाड सळईचं. संगं पुढं वाकवलेली एक दांडी. ती कड्याला लावून ढकलायचं. असली चाकं गावातली पोरं फिरवायचीच, कुणी टायर, कुणी टोपल्याचं कडं. पण नवीकोरी, लोहाराकडून करून आणलेली, कुणाकडं नव्हती. बापानं ते माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाला, "पडू द्यायचं न्हाई."

आता ज्यानं कडं फिरवलंय त्याला ठाऊक आहे. हळू ढकललं की ते डुगडुगतं आणि आडवं होतं. उभं ठेवायचं तर त्याच्यामागं पळावंच लागतं. बापानं मला पळ म्हणून कधीच म्हणलं नाही. माणसाला पळ म्हणलं की माणूस पळत नाही, मी तर मुळीच पळालो नसतो.

पहिले दिवस लय वाईट गेले. कडं दारातून निघून उकिरड्यापर्यंत जायचं आणि पडायचं, त्याच्यामागं मी पडायचो. छाती फुटायची. मांड्या सोलून निघाल्या, माय खोबरेल लावायची आणि बापाला ऐकवायची, "लेकरू मारायलाय हे माणूस." एकदा तिनं कडं कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवलं. सकाळी ते पुन्हा दारात उभं. पुन्हा खुपसलं, पुन्हा दारात. कडब्याची गंजी तेवढी विस्कटत गेली.

पण कड्याचा एक आवाज होता. मऊ मातीत तो नुसता खस्स यायचा. खडकाळ वाटेवर गेलं की खणण-खणण, आणि वेगात असलं की तो तुटायचाच नाही, एकच लांब सूर. तो सूर ऐकायला मला वेग पाहिजे होता. आज उकिरड्यापर्यंत लागला, काही दिवसांनी मारुतीपर्यंत, मग पांदीच्या तोंडापर्यंत. दम लागला की थांबायचो, कडं गळ्यात घालायचो, पुन्हा निघायचो. संक्रांतीच्या आसपास मी स्टेशनच्या वाटेला लागलो होतो. पिंगळीवरून पॅसेंजर सुटली की पहिल्यांदा ती डुलत, आळस देत निघते. रुळाच्या खालच्या पायवाटेवरून मी कडं घेऊन तिच्या बरोबरीनं पळायचो. डब्यातली माणसं खिडकीतून हात काढून ओरडायची, पळ रे गबरू. गाडी पुढं जायची, मी हरायचो, आणि त्या हरण्यात एवढी मजा होती की मी एकटाच धुळीत उभा राहून हसायचो.

संक्रांतीला मामाकडची मंडळी आली, आणि मग तर जवा येईल तवा कौसाच संगं पळायला लागली. तिची रीत न्यारी. ती पळताना बोलायची. सारखं बोलायची. आमच्या शेळीला काय झालं, कुणाची सासू कशी भांडली, आणि मधेच विचारायची, मग पुढं काय झालं असंल, सांग. उत्तर आलं नाही की थांबायची आणि म्हणायची, दम लागलाय तुला, हळू चल. उत्तर जोरात आलं की म्हणायची, लुच्च्या, आरामात पळायलास, वेग धर. डॉक्टरीणबाईचं जे बोलण्याचं आणि गाण्याचं माप आहे, ते कौसाला शाळेचं तोंड बघायच्या आधी ठाऊक होतं. कुणी शिकवलं? कुणी नाही. तिला बोलायला माणूस पाहिजे होता, आणि मेलेला माणूस उत्तर देत नाही, एवढंच.

ते लिहून गेलं हातातून. असू द्या.

उरूस जवळ आला तवा अंगात काय-काय बदल झाला होता, ते मला तवा नीट कळलं नव्हतं. मी फार बारीक झालो होतो असं नाही. पोट होतंच. पण सदऱ्याची खालची गुंडी लागायला लागली. झोपेत मी म्हशीसारखा घोरायचो, ते बंद झालं, असं बाप म्हणाला. शाळेत दुपारच्याला डोळे मिटायचे, ते उघडे राहायला लागले, म्हणून मास्तरांचा मार कमी बसला. पोरं मला हुतूतूत घ्यायला लागली. भूक लागायची तीही न्यारी, पोटातून यायची. आधी मला भूक लागायचीच नाही, मी नुसता खायचो. आणि एक दिवस न्हाणीत माय वजरी घेऊन बसली आणि थांबली. माझी मान तिनं उजेडाकडं वळवली. बोट फिरवलं. मळ उतरत चालला होता. तिनं वजरी लावलीच नव्हती, तरी.

माय खूश व्हायला पाहिजे होती. ती घाबरली. माझ्या कंबरेला हात लावून बघायची. चिमटीत पहिल्याइतकं मास येईना. सदरा ढगळ झालेला दिसला की तिचं तोंड उतरायचं. तिची आधीची लेकरं जाताना अशीच आधी हलकी झाली होती, हे ती एकदा बापाला म्हणाली. बाप म्हणाला, "आगं, ती खाटल्यावर पडून हलकी झाली. हे पळून व्हायलंय." पण तिला तो फरक पटेना. तिनं कोठीत गुपचूप भेल्या वाढवल्या. तिच्या मनातला पिराजी मोठा होत चालला होता, दारातला पिराजी हलका होत चालला होता.

उरुसाच्या दिवशी दर्ग्यासमोर रेवड्यांची, बांगड्यांची दुकानं, लोबानाचा वास, कुठंतरी ढोल. चिंचेच्या आडव्या फांदीला धान्य तोलायचा मोठा ताजवा टांगला होता, दोन्हीकडं दोरांनी बांधलेली फळ्यांची पारडी. मामा-मामी आले होते. मामी नवं लुगडं नेसून, पण तोंड आखडून उभी. मुजावरचाचा पायरीवर बसलेला. त्यानं आपला दरवर्षीचा प्रश्न विचारला. बापानं गाडीतून कडं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

चाचा म्हणाला, ये क्या है? बाप म्हणाला, "त्याला लागतं ते." चाचानं दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ठीक है, पीर ने खाली हाथ दौडने का थोडाच बोला.

मी निघालो. पायऱ्यांपुढची जमीन टणक होती, कड्यानं लगेच सूर धरला. माणसं बाजूला होत गेली. जिथं मी दरवर्षी बसायचो ती जागा आली. मला ती नीट ठाऊक होती, तिथं एक पांढरा धोंडा होता. धोंडा मागं गेला. कौसा कुठूनतरी आली आणि बाजूनं पळायला लागली, आणि सवयीप्रमाणं बोलायला लागली, "आयनं तुझ्यासाठी करंज्या आणल्यात, पण म्हणली पळाला तरच देणार." मी म्हणलं, किती आणल्यात? ती म्हणाली, "बोलायलास म्हणजे दम हाय. चिंचेला वळसा घाल." वळसा घातला. परत आलो. पायरीला कडं टेकवलं. ढोलवाला त्याच्या कारणानं वाजवत असंल, पण मला वाटलं माझ्यासाठीच वाजतोय. चाचा उठून उभा राहिला. वर हात केले आणि म्हणाला, "तोलो."

मला एका पारड्यात बसवलं. दुसऱ्यात भेल्या ठेवायला सुरुवात झाली. आमच्याकडची एक रीत इथं सांगायला पाहिजे. नवसाचा गूळ एकदा पारड्यात चढला की तो पिराचा झाला, एक भेलीही खाली उतरवत नाहीत. म्हणून शहाणी माणसं शेवटी-शेवटी एक-एक भेली सांभाळून ठेवतात. पण मायला एवढी घाई, देणं फिटायची एवढी आस, की तिनं आणि मामानं गाडीतल्या सगळ्या भेल्या धडाधड पारड्यात लोटल्या. शेवटची भेली पडली आणि गुळाचं पारडं दणकन खाली टेकलं, आणि मी वर. पाय लोंबकळत, चिंचेच्या पाल्यात डोकं. तिथून मला सगळी जत्रा दिसायला लागली. लोक असे हसले की रेवडीवाल्यानं तराजू खाली ठेवला.

माय हसली नाही. ती माझ्याकडं वर बघत होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. हळूच म्हणाली, "झिजलं माझं लेकरू."

मामीनं ते ऐकलं आणि तिचंही तोंड बदललं. आता काय करायचं? गूळ काढता येत नाही, आणि बरोबर तोलल्याशिवाय नवस फिटत नाही. कुणी म्हणालं, पोराच्या खिशात खडे भरा. चाचा म्हणाला, पीर क्या अंधा है? बापानं माझं कडं माझ्या मांडीवर दिलं, हे बी त्याचंच हाय, म्हणून. पारडं जरासं हललं आणि पुन्हा वर. माय पायरीवर बसली. मी वरून तिला बघत होतो आणि मला रडू यायच्या बेतात होतं. पळालो, तरी देणं तसंच राहिलं, माझ्या हलकेपणापायी.

तेवढ्यात कौसा पुढं आली. कुणाला काही विचारलं नाही. माझ्या पारड्याचा दोर धरला, तोल धरून खाली ओढला, परकर खोचला आणि वर चढली. मामी ओरडली, "आगं ए भवाने, उतर." कौसा माझ्या कड्यात पाय घालून बसली आणि म्हणाली, "सरक तिकडं." पारडं खाली आलं. खाली, आणखी खाली. ताजव्याचा दांडा हलत-हलत आडवा झाला आणि थांबला. मग कुणी हसलं नाही. चाचानं दांड्याखाली वाकून डोळे बारीक करून बघितलं. म्हणाला, "बराबर." मग मामाकडं वळून म्हणाला, एक पल्ले में तुल गए, अब अलग-अलग घर कैसे भेजते?

मामा आधी हसला. मग बाप हसला, आणि बाप हसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. त्याचे दात एवढे मोठे आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. मामी पदर खोचत म्हणाली, "मेली नशिबाला स्वतःच चढून बसली, मी काय करू." आणि करंज्यांचा डबा उघडला.

माय मात्र अजून उठली नव्हती. मी पारड्यातून उतरून तिच्याकडं गेलो. तिनं मला जवळ ओढलं आणि भर उरुसात, सगळ्यांसमोर, माझ्या छातीला कान लावला. मी नुकताच पळून आलेलो, वर घाबरलेला. ती लय वेळ तशीच राहिली. ढोल चालू होता, तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला. मग तिनं मान वर केली आणि बापाला म्हणाली, "निस्ती धडधड हाय वो. घुरघुर न्हाई."

त्या दिवशी तिनं पिराचा मलिदा, चपातीचा चुरा आणि आमचाच गूळ, पहिल्यांदा स्वतः खाल्ला. नाही तर ती कधीही मला खाऊ घातल्याबिगर घास घेत नव्हती.

पुढं आमचं लगीन रीतसर झालं, पण कौसाच्या मनात ते चिंचेखालीच झालेलं होतं. भांडण झालं की म्हणायची, माझ्यामुळं तुझं देणं फिटलं, लक्षात ठेव. जिंदगीभर ठेवलं. कड्याचं म्हणाल तर तिनं ते रांजणाखाली घातलं. रांजण डुगडुगायचा, तो त्या कड्यात असा बसला की आमच्या संसारात तो कधी हलला नाही. मी म्हणायचो, माझं कडं तू पाण्याला लावलं. ती म्हणायची, तुझं पळणं झालं, आता त्याला बसू दे.

मागल्या साली तिला परभणीला दवाखान्यात नेलं. आत घेताना नर्सबाईनं तिला वजनकाट्यावर उभं केलं. उभं राहवत नव्हतं, तिनं माझा हात धरला. नर्सबाई म्हणाली, आजोबा, हात सोडा, वजन चुकायलंय. मी सोडला नाही. कौसा त्याही हालतीत हसली, म्हणाली, "चुकू दे, ह्याला सवय हाय." नर्सबाईनं काय लिहायचं ते लिहिलं. कौसा तिथून घरी आली नाही. याच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही आणि मी लिहिणारही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रेया गावी आली. मी आणि पोरानं मिळून रांजण बाजूला केला, कडं काढलं, चिंच लावून घासलं. ढकलायची दांडी हरवली होती, ती नवी करून आणली. पोरगी म्हणाली, आजोबा, हे काय, याला बॅटरी कुठंय? मी म्हणलं, पडू द्यायचं नाही. एवढंच. आधी कंटाळली, रडली, सून माझ्यावर चिडली. मग एक दिवस सिमेंटच्या रस्त्यावर कड्याला सूर लागला. मी ओट्यावर बसलेला होतो. सूर मारुतीपर्यंत गेला, वळला, पुन्हा यायला लागला. गल्लीतली पोरं तिच्यामागं. माझ्याकडून तिच्यासंगं पळणं होत नाही, म्हणून मी ओट्यावरूनच ओरडून विचारत होतो, दुपारच्याला काय खाल्लं, आजी तुला काय म्हणायची, सांग, आणि ती पळता पळता उत्तर देत होती.

ती येऊन माझ्यापुढं थांबली. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले, दात सगळे बाहेर. म्हणाली, आजोबा, माझ्या छातीत बघा काय व्हायलंय. मी तिला जवळ घेतलं आणि कान लावला. निस्ती धडधड होती.